तिसऱ्या तोफेची माणसं

यंदा मोहोर लवकर आला. पौष अर्धाही सरला नव्हता, तोच खिडकीसमोरच्या कलमाच्या शेंड्यांवर तांबूस कोंब दिसायला लागले आणि परवा सकाळी दार उघडलं तर वास थेट चुलीपर्यंत आला. मोहोराचा वास गोड असतो म्हणतात. मला त्यात नेहमी डिंकासारखी एक कडवट कड लागते. हा वास आला की माझ्या शेजारणींना आंबे दिसायला लागतात, पेट्या आणि पेंढा दिसायला लागतो. मला मात्र एक तोफ आठवते. ती मी कधी पाहिली नाही. तिच्याजवळ उभी राहिलेली माणसंही, एक सोडून, मी पाहिली नाहीत. तरी मोहोराच्या दिवसांत ती सगळी माझ्या पडवीत येऊन बसतात.

तेव्हा एकोणीसशे तीस उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी रत्नागिरीत मुलींच्या शाळेत शिकवत होते. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला, आणि वडिलांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, कुणाचंही न ऐकता मला पुण्याला शिकायला ठेवलं. शिकून परत आले तेव्हा गावानं थोडे दिवस माझ्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं आणि मग ‘मास्तरीणबाई’ म्हणून स्वीकारलं. आप्पा कचेरीतून निवृत्त झालेले, खादी वापरणारे, सकाळी तासभर टकळी फिरवणारे. घरात आम्ही दोघंच.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी एक उंच म्हातारा पायरीशी येऊन उभा राहिला. धोतरावर खाकी कोट, पायांत जाड बूट, पाठ सरळ. तरीच्या होडीतून खाडी ओलांडून आरे-वाऱ्याच्या बाजूनं तो चालत आला होता. तिकडच्या कातळावर त्यानं कलमं लावली होती आणि सगळं गाव त्याला ‘तोफवाले सुभेदार’ म्हणून ओळखत होतं. नाव लक्ष्मणराव. डोळ्यांवर सारा, म्हणजे पडदा, आलेला, त्यामुळे बोलताना तो माणसाच्या थोडं बाजूला पाही.

“बाई, येवढं इंग्रजी वाचून दाखवशाल काय?” असं म्हणून त्यांनी एक लिफाफा पुढं केला.

पत्र त्यांच्या बॅटरीच्या साहेबाचं होतं. डोंगरात खेचरांवरून तोफा नेणारी ती पलटण. तिला लवकरच शंभर वर्षं पूर्ण होत होती आणि साहेब तिचा इतिहास छापणार होता. जुन्या पेन्शनरांना जे जे आठवत असेल ते त्यांनी लिहून पाठवावं, अशी विनंती होती.

मी वाचून झाल्यावर सुभेदारांनी पत्राची घडी घालून ते कोटाच्या खिशात ठेवलं. मग म्हणाले, “पयल्यांदा ही बॅटरी मुंबईत उभी ऱ्हायली तवा गोलंदाज निम्मे आपल्या कोकणातले होते. पुढं भरती पंजाबात सुरू झाली. आमच्या वेळेला आमी बोटावर मोजण्याइतके. आमच्यामागं कोणीच नाय. आता नाय लिहिलं तर कोकणी मानूस त्या तोफेजवळ कधी उभा होता, हेच ऱ्हाणार नाय.”

आज शाळेतल्या मुलींना गोलंदाज म्हटलं की क्रिकेट आठवतं. सुभेदारांच्या तोंडी तो शब्द आला की त्याला तोफेच्या दारूचा आणि खेचराच्या घामाचा वास असे.

मग दर रविवारी सकाळी ते यायचे. पडवीत चटईवर मी वही घेऊन बसायची, आप्पा झोपाळ्यावर, आणि सुभेदार खांबाला पाठ न टेकता पाटावर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तोफ दाखवली. आमच्या घरातलं मुसळ, दोन पाट, ताक घुसळायची रवी आणि पाण्याची कळशी त्यांनी अंगणात मांडली. मुसळ म्हणजे नळी. पण ती अखंड नाही, तिचे दोन तुकडे, मध्ये आटे. ते फिरवून जोडायचे. पाट म्हणजे चाकं. रवी म्हणजे चाकांमधला आस. एकेक भाग एकेका खेचरावर. कळशी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, “ती नळीचा मागचा तुकडा. सगळ्यांत जड. त्याच्या तोंडात पोलादी ठोकळा बसतो. ठोकळा नाय तर तोफ म्हणजे नुसतं लोखंड.” आणि मग त्या साठी उलटलेल्या माणसानं, जणू चार साथीदार सोबत आहेत अशा थाटात, स्वतःच हुकूम देत ती तोफ जोडली. आप्पांनी पानाला चुना लावून विडा तोंडात टाकेपर्यंत मुसळ आमच्या तुळशीवर रोखलं गेलं होतं.

आप्पा हसले, पण लगेच म्हणाले, “सुभेदार, रागावू नका. ह्या तोफा कोणाच्या होत्या? आणि कोणावर रोखलेल्या?”

मला वाटलं, आता हे उठून जातील. ते उठले नाहीत. “आप्पा, तोफ कोनाची आन् कोनावर, ते सरकार ठरवतं. तिकडल्या डोंगरातली मानसं आपल्या घरासाठीच लढत होती, ते मला काय दिसत नव्हतं? पन् तोफेजवळून हलायचं की नाय, ते आमचं आमी ठरवत होतो. मी तेवढंच सांगतोय.”

आप्पांनी झोपाळ्याला पाय दिला आणि नंतर कधी तो प्रश्न विचारला नाही. प्रश्न मिटला होता असं नाही. मला स्वतःला तो आजही छळतो. पण त्या हिवाळ्यात मी जे ऐकलं ते कौतुकानं ऐकलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

काय काय ऐकलं. सुभेदारांना नुसतं स्वतःचं आठवत नव्हतं. भरती झाले तेव्हाचे वस्ताद, त्या वस्तादांचे वस्ताद, अशी माळ धरून ते शंभर वर्षं मागं जायचे. सिंधच्या वाळूत बैलांनी ओढलेल्या तोफा. हबशांच्या मुलखातले कडे, जिथं खेचरांच्या पायांना गोणपाट बांधून रात्रभर चढाई केली. ब्रह्मदेशातल्या नद्या आणि जळवा. ज्या राजाचं राज्य घ्यायला ही बॅटरी गेली तो राजा पुढं आमच्याच रत्नागिरीत येऊन कैदेत राहिला. पोरवयात सुभेदारांनी त्याची बग्गी पाहिली होती. “तवा म्हाईत नव्हतं की आपुन त्याच बॅटरीत जानार. पुढं वस्तादानं सांगितलंन तवा मला ती बग्गी आठवली. राजा आत बसलेला, नुसता समोर बघत होता.” असं काही सांगितलं की ते थांबायचे. मीही लेखणी उचलायची.

खेचरांची नावं त्यांना माणसांच्या नावांइतकी पाठ. मोतिया पाणी पाहिलं की बसायची. राणी फक्त पंजाबीत दिलेली शिवी ऐकायची. एका थंडीत वर सरहद्दीवर हिम पडलं तेव्हा गोलंदाजांनी आपल्या कांबळी खेचरांवर घातल्या आणि स्वतः खेचरांच्या पोटाला टेकून उभे राहिले. “पायदळाला निशाण असतं,” ते म्हणायचे. “ते निशाणाला सलामी देतात. आमचं निशाण म्हणजे तोफ. ती दुसऱ्याच्या हातात गेली की आमचं तोंड काळं.”

मी लिहीत गेले. पौष लागला. सकाळी अंगणात दव पडायला लागलं आणि सुभेदारांच्या बोलण्यात मोहोराची काळजी मिसळायला लागली. मळभ आलं की ते वाक्य अर्धवट टाकून आभाळाकडे तोंड करायचे. दिसत फारसं नव्हतंच, पण गालाला हवा लावून ते सांगायचे, आज मोहोरावर तुडतुड्याची कीड पडणार. मग घरी जाऊन झाडांखाली पातेरा, वाळका पाला, पेटवून धूर करायची घाई.

एका रविवारी सरहद्दीवरच्या एका मोहिमेपाशी आम्ही पोचलो. मोठ्या लढाईच्या, म्हणजे जर्मन लढाईच्या, बऱ्याच आधीची. सुभेदार तेव्हा हवालदार. तिसरी तोफ त्यांच्या ताब्यात. त्यांनी तोफेवरच्या माणसांची नावं सांगितली. ड्रायव्हर फजलदाद. गोलंदाज सुंदरसिंग. आणि नेम धरणारा गोलंदाज भिकू, देवरूखकडचा, सुभेदारांच्याच बरोबर भरती झालेला. पुढं काय झालं, मी विचारलं. “पुढं आमी छावणीत परत आलो,” ते म्हणाले आणि एकदम दोन वर्षं पुढं गेले. त्यानंतरच्या यादीत भिकू नव्हता. मी विचारलं, “भिकू कुठं गेला?” ते म्हणाले, “ते लिहू नका.”

मी लिहिलं नाही.

माघाच्या सुरुवातीला साहेबाचं दुसरं पाकीट आलं. छापण्याआधीची काही पानं त्यानं सुभेदारांना पाहायला पाठवली होती, त्यांच्या काळातली. मी वाचत होते आणि मराठीत सांगत होते. सरहद्दीची ती मोहीम आली. सहज वाचत गेले आणि वाक्य तोंडातून निघून गेल्यावर त्याचा अर्थ मला लागला. लिहिलं होतं की, माघारीच्या वेळी तिसऱ्या तोफेचा एक भाग नाल्यात पडला. ड्रायव्हर व एक गोलंदाज ठार झाले. दुसरा गोलंदाज, एक कोकणी, जागा सोडून पळाला. चार दिवसांनी हवालदार लक्ष्मण यानं स्वतः नाल्यात उतरून तो भाग ठोकळ्यासकट शोधून काढला व बॅटरीची अब्रू राखली.

आप्पा म्हणाले, “वा, सुभेदार. हे तुम्ही कधी सांगितलंच नाहीत.”

सुभेदार उठले. बूट घालताना त्यांना नाडी सापडेना. मी पुढं झाले तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे बाई.” आणि नाडी न बांधताच निघून गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग आप्पाच म्हणाले, चल, बघून येऊ. तरीतून पलीकडे उतरून आम्ही त्यांच्या बागेत गेलो. कातळ फोडून, बाहेरून माती आणून लावलेली ती कलमं मोहोरानं वाकली होती. खाली पातेऱ्याचा धूर सरपटत होता. सुभेदार बागेच्या दगडी गडग्यावर बसले होते. आम्हाला पाहून उठले, दोन शहाळी कापायला गड्याला सांगितलं आणि मग बसले ते आमच्याकडे पाठ करून, झाडांकडे तोंड करून.

“बाई, वही आनलीत?”

“आणली आहे.”

“मंग लिवा.” आणि ते सांगायला लागले.

“तवाच्या साहेबाचा हुकूम होता, माघारीत कायपन् पडलं तरी ते आनायला कोनी परत फिरायचं नाय. दोन्ही अंगांच्या टेकड्यांवरनं गोळ्या येत होत्या. सुंदरसिंग वरच्या वळणावरच पडला. खालच्या वळणावर मागचा तुकडा घेतलेल्या खेचराला गोळी लागली आन् ते नाल्यात गेलं. फजलदादनं लगाम सोडलान नाय. तोपन् त्याच्याबरोबर गेला. भिकू माझ्या बाजूला होता. ठोकळा खाली ऱ्हायला म्हंजे तोफ त्यांच्या हातात गेली. हुकूम मला म्हाईत होता. मी भिकूकडं बघितलं आन् म्हटलं, ‘भिकू, ठोकळा.’ येवढंच. त्यानं विचारलान नाय, हुकूम कोनाचा. धोंड्याला धरून खाली सरकला. मी पुढं चाललो.”

धूर आमच्याकडे वळला. आप्पांनी उपरणं नाकाला लावलं, पण जागचे हलले नाहीत.

“सांजच्याला हजेरी झाली. साहेबानं विचारलंन, भिकू कुठं? मी धाडला म्हटलं असतं तर हुकूम मोडला म्हनून मी गेलो असतो. मी म्हटलं, ठाऊक नाय. तो पयला खोटा शब्द. चार दिवसांनी ती जागा परत आमच्याकडं आली. मी साहेबाकडं परवानगी मागून नाल्यात उतरलो. एकटाच. फजलदाद तिथंच होता. हात-पाय नीट सरळ केलेले, डोळे मिटलेले, अंगावर भिकूचा कोट. भिकू नव्हता. नळीचा तुकडा मेल्या खेचराखालीच होता, ठोकळा काढलेला. बऱ्याच अंतरावर धोंड्यांखाली ठोकळा मिळाला, भिकूच्या फेट्यात गुंडाळलेला. तो ठोकळा घेऊन पळू शकला नसता, येवढा जड. म्हनून त्यांना मिळू नये असा पुरलान. आन् मग त्याचं काय झालं ते देवाला ठाऊक. तोफ त्यांच्या हातात गेली नाय, ती भिकूमुळं. मी तो फेटा तिथंच टाकला, ठोकळा वर आनला. साहेबानं माझ्या पाठीवर थाप मारलीन. मी जमादार झालो, मंग सुभेदार झालो.”

ते थांबले. गड्यानं शहाळी आणून ठेवली होती, ती तशीच राहिली.

“दफ्तरात तो पळपुटा ऱ्हायला,” सुभेदार म्हणाले. “मी आज मेलो तर पुस्तकातपन् तोच ऱ्हानार.”

परतताना आप्पा तरीत मला म्हणाले, “हे पाठवलं तर म्हातारपणी त्यांचं नाव जाईल. त्यांना पुन्हा विचार.” मी पुढच्या रविवारी विचारलं. सुभेदार म्हणाले, “पत्र तयार करा. पन् टपालात टाकायच्या आधी एक काम हाय. त्याची बायको आजून हाय, तिला आधी सांगायचं. माझ्याबरोबर याल? बायमानसाशी बोलायला बायमानूस असलेलं बरं.”

सर्व्हिस मोटारीनं आम्ही देवरूखला उतरलो आणि पुढं दोन डोंगर चाललो. आप्पा, मी आणि सुभेदार. वाटेत भातं कापून झालेली, मळ्यांत कुळीथ आणि पावटा. सुभेदार डोळ्यांनी अधू, पण चढावर आम्हा दोघांच्या पुढं. गावाच्या टोकाला एक कौलारू, दोन खणांचं घर. अंगणात एक बाई सुपानं पावटे पाखडत होती. पन्नाशीची, काटक, हिरवं लुगडं. आणि कपाळाला कुंकू. चांगलं बोटभर.

माझी पावलं तिथंच अडली. इतका वेळ हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पळालेला माणूस मेलेला नसतो. कुणी तिला तो मेला असं कधी सांगितलंच नव्हतं. वीसहून अधिक वर्षं ही बाई रोज सकाळी कुंकू लावत होती, आणि आम्ही तिघं तिच्याकडे काय घेऊन चाललो होतो, ते मला आत्ता कळलं.

सुभेदारांनी तिला नाव विचारलं. चंद्राबाई, ती म्हणाली. मग त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बागेत सांगितलं तितकं नाही. हुकूम काय होता, भिकूला कुणी पाठवलं, तो परत आला नाही, ठोकळा मिळाला, आणि आपण खोटं बोललो, एवढंच. आवाज अखेरपर्यंत सरळ राहिला, पण कोटाचं वरचं बटण ते सारखं काढत होते आणि लावत होते.

चंद्राबाईनं सूप खाली ठेवलं.

“तुमी त्येंना धाडलात.”

“व्हय.”

“आन् इतकी वर्सं बोललात नाय.”

“नाय बोललो.”

ती बराच वेळ अंगणातल्या पावट्यांकडे बघत राहिली. कोंबड्या येऊन टिपायला लागल्या, तिनं हाकलल्या नाहीत. मग म्हणाली, “हिकडं पळाल्याचा कागद आला. तवापासनं पान्यावर गेलं की बायका बोलायच्या, पळपुट्याची बायको आली. माझा भाव मला न्यायला आलता. मी म्हटलं, मी गेले तर तेंचं बोलनं खरं व्हईल. म्हनून ऱ्हायले.” आणि सुभेदारांकडे वर पाहून तिनं विचारलं, “ह्ये गावात सांगशाल?”

“त्याच्यासाठीच आलोय.”

देवळासमोर सहाणेवर, शिमग्यात जिथं पालखी बसते तिथं, दुपारपर्यंत गाव जमलं. सुभेदार मध्ये उभे राहिले, बूट जुळवून, हात मांड्यांना लावून, जशी हजेरी द्यावी तसे. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. एक शब्द गाळला नाही, स्वतःसाठी एक सबब दिली नाही. मग गावचा मानकरी, त्यांच्याच वयाचा, म्हणाला, “लय उशीर केलात सुभेदार.”

“केला,” सुभेदार म्हणाले. “खोटं मी बोललो आन् शरम तिनं भोगलीन. आता तुमच्यातला कोन तिला पळपुट्याची बायको म्हनंल त्यानं आधी मला म्हनावं.”

मी पुष्कळ सभा पाहिल्या. मोठमोठी भाषणं ऐकली. पण एवढ्या माणसांसमोर स्वतःला असं उभं करणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. शौर्य म्हणजे काय, असा निबंध मुली लिहायच्या. वह्या तपासताना मला दरवेळी ती सहाण आठवायची. नाल्यात उतरलेला भिकू तर होताच, पण तिथं ऊन डोक्यावर घेऊन उभा राहिलेला हा म्हाताराही मला त्याच तोफेजवळ दिसायचा.

निघताना चंद्राबाई मला पाणंदीपर्यंत पोचवायला आली. पुरुष पुढं गेले होते. ती माझ्या कपाळाकडे पाहत होती.

“बाई, तुमी शिकल्यासवरल्या. आता ह्ये पुसू काय?”

माझं कुंकू पुसलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. एकोणीस वर्षांची होते. चार बायका आल्या आणि पुसलं. म्हणून असा प्रश्न कुणी कुणाला विचारू शकतं, हेच मला नवीन होतं. मी म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं?”

ती म्हणाली, “मना वाटतं, ऱ्हाऊ दे. त्येंच्या नावानं लावलंय. त्येंचं नाव तर आज चांगलं झालं.”

“मग राहू दे,” मी म्हणाले. त्या गावानं ते तिच्या कपाळावरून कधी काढलं नाही, हे मला पुढं कळलं. आणि मला हेही सांगायला हवं की रत्नागिरीला परत आल्यावर मी एक दिवस आरशासमोर बराच वेळ उभी राहिले होते. काही लावलं नाही. पण खाली मान घालून भांग पाडायची सवय त्या दिवसापासून गेली.

पत्र गेलं. सुभेदारांनी त्यात शेवटी मुद्दाम घालायला लावलं होतं की, माझ्या नावापुढची शाबासकी काढून टाकावी. महिना गेला. मोहोर गळून कैऱ्या धरल्या तरी उत्तर नाही. आप्पा पोस्टमन दिसला की उगाच खाकरायचे. सुभेदार मात्र पूर्वीसारखे रविवारी यायचे, उरलेला इतिहास सांगायचे. जर्मन लढाईतली बसऱ्याची उष्णता, नदीकाठचा वेढा, खेचरं खाऊन जगलेली माणसं. एकदा त्यांनी पाठ खांबाला टेकली, ती पहिल्यांदाच. मी पाहिलं आणि लिहीत राहिले.

उत्तर आलं तेव्हा आंबे उतरायला लागले होते. साहेबाचं पत्र लहान होतं. ‘तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चूक दुरुस्त होईल. शाबासकी काढावी असं तुम्ही म्हणता, ती मी काढतो. तुमचं पत्र मात्र बॅटरीच्या दफ्तरात ठेवतो, म्हणजे पुढं येणाऱ्या हवालदारांना वाचता येईल.’

मी वाचलं. सुभेदारांनी मान हलवली. “साहेबानं बरोबर केलंन,” म्हणाले. मग आप्पांनी झोपाळा थांबवला, खाली उतरले आणि त्यांच्याशेजारी पाटावर जाऊन बसले. आप्पांनी पान लावलं आणि सुभेदारांपुढं धरलं.

पुस्तक यायला वर्ष लागलं. पुन्हा मोहोराचे दिवस होते. जाड पुठ्ठ्याचं, निळ्या कापडाचं, आणि आत शेवटी एक यादी, तोफांजवळ मेलेल्यांची. शंभर वर्षांची. कुठं नुसतीच नावं, गाव माहीत नाही. कुठं नावही अर्धं. सुभेदारांना ती सगळी ऐकायची होती. तीन रविवार आम्ही ती यादी वाचली. कोकणी नाव आलं की ते बोट वर करायचे आणि मी पुन्हा वाचायची.

मग आम्ही देवरूखला गेलो. सुभेदार घरात आले नाहीत. अंगणाच्या कडेला जोत्याच्या दगडावर बसून राहिले. मी आत ओसरीवर पुस्तक उघडलं. भिकूच्या गावाचं नाव साहेबानं चुकीचं छापलं होतं, ते मी चंद्राबाईला सांगितलं नाही. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं हात पदराला पुसला आणि म्हणाली, “कुठं हाय, दावा.” मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

तिनं बोट तिथंच ठेवलं. खरखरीत, काळं, नखात माती असलेलं बोट. मग ते किंचित वर सरकवून तिनं विचारलं, “ह्यो वरला कोन?”

“फजलदाद. तिसऱ्या तोफेचा ड्रायव्हर.”

“आन् खालचा?”

“सुंदरसिंग. गोलंदाज. तिसऱ्याच तोफेचा. तिघं एकाच दिवशीचे.”

ती तिन्ही ओळींवरून बोट फिरवत राहिली, वरून खाली, खालून वर. बाहेर सुभेदारांच्या खोकल्याचा आवाज आला.

“मंग येकटे न्हवते,” चंद्राबाई म्हणाली. ती उठली, आत गेली आणि तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन अंगणात सुभेदारांकडे गेली.